ट्रकचालकाची नजर किती लागते? लायसनच्या मेडिकलमधले डोळ्यांचे नियम, सोप्या भाषेत

‘चष्मा लागला की ट्रकचं लायसन गेलं,’ असं अजूनही ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर, कारखान्याच्या गव्हाणीबाहेर आणि ढाब्यावर ऐकायला मिळतं. या भीतीपोटी कितीतरी चालक डोळे तपासायलाच जात नाहीत. रात्री समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांत घुसतो, लांबची पाटी जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही, तरी गाडी चालूच राहते. लायसनचं मेडिकल मात्र ओळखीतून, डोळा न तपासता होऊन जातं.

खरं म्हणजे कायद्यात चष्म्याला बंदी नाही. चष्मा लावून नीट दिसत असेल तर ट्रक, टँकर, बस, काहीही चालवता येतं. धोका चष्म्याने होत नाही, न तपासलेल्या डोळ्याने होतो. म्हणून नियमात नेमकं काय आहे, मेडिकलमध्ये काय विचारतात आणि कोणत्या त्रासाकडे दुर्लक्ष करू नये, याची ही माहिती.

मेडिकल कोणाला लागतं?

मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांच्यानुसार गाड्यांचे दोन भाग पडतात. घरच्या वापराची दुचाकी, जीप, कार एका बाजूला. भाड्याने माल किंवा माणसं नेणारी गाडी, शाळेची बस वगैरे दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या प्रकाराला कायद्यात परिवहन वाहन म्हणतात. आपल्याकडे लोक ‘ट्रान्सपोर्ट’ किंवा ‘टीआर’ म्हणतात ते हेच.

परिवहन वाहनाचं लायसन काढताना वय कमीत कमी २० वर्षं लागतं. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतंच, वय कितीही असो. नूतनीकरण करतानाही दर वेळी नवीन प्रमाणपत्र द्यावं लागतं. घरच्या गाडीच्या लायसनला वयाची ४० वर्षं झाल्यावर हे प्रमाणपत्र लागतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परिवहन लायसनची मुदत ५ वर्षं झाली, आधी ती ३ वर्षं होती. पेट्रोल, गॅस, रसायनं असा धोकादायक माल नेणाऱ्यांची मुदत ३ वर्षं आहे. म्हणजे ट्रकचालकाचे डोळे सरकारी हिशोबाने पाच वर्षांतून एकदा तपासले जातात. पाच वर्षांत डोळ्यांत बराच फरक पडू शकतो, विशेषतः चाळिशीनंतर आणि शुगर असेल तर.

फॉर्म दोन आहेत

पहिला फॉर्म १. हा चालकाने स्वतः भरायचा आणि सही करायची. फिट येतात का, अचानक चक्कर येते का, नंबरप्लेट वाचता येते का, रंग ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, असे प्रश्न त्यात असतात.

दुसरा फॉर्म १-अ. हा डॉक्टरने भरायचा. कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. या कामासाठी सरकारने मान्यता दिलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते. अर्जदाराला आपण स्वतः तपासलं आणि लांबच्या नजरेकडे व ऐकण्याकडे खास लक्ष दिलं, असं डॉक्टर त्यात लिहून देतो. म्हणून चालकाला न पाहता दिलेलं प्रमाणपत्र खोटं ठरतं, मग त्यावर शिक्का कितीही चांगला असो.

डोळ्यांबाबत डॉक्टरला मुख्यतः तीन गोष्टी बघायच्या असतात. नजरेत दोष आहे का आणि असल्यास चष्म्याने तो भरून निघाला आहे का? रंगांची ओळख आहे का? आणि चांगल्या दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का?

२५ मीटर म्हणजे किती?

क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटरची असते. तिच्यापुढे आणखी पाच मीटर धरले की २५ मीटर झाले. मध्यम उंचीच्या माणसाची साधारण ३३ पावलं.

ही तपासणी घरीही करता येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन पाठीमागे ठेवून, कोणाच्या तरी चारचाकीपासून टेपाने २५ मीटर मोजा. आधी उजवा डोळा हाताने झाकून वाचा, मग डावा झाका. डोळा दाबू नका, नुसता झाका. चष्मा असेल तर चष्मा लावूनच वाचा. नंबर पाठ असलेली गाडी घेऊ नका. एका डोळ्याने स्वच्छ आणि दुसऱ्याने धूसर दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवं. दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळं ठीक दिसतं, म्हणून एक डोळा अधू झालेला कित्येक वर्षं कळत नाही.

नियमानुसार चारचाकीच्या नंबरप्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं. ज्याची नजर ६/६ आहे त्याला २५ मीटरवरून साधारण ३६ मिलिमीटरचं अक्षरही वाचता येतं. म्हणजे ही परीक्षा फार कडक नाही. ती पास झाली म्हणजे नजर एकदम पक्की असं समजू नका. आणि एवढी मोठी अक्षरंही वाचता येत नसतील, तर त्या माणसाने तपासणी होईपर्यंत स्टिअरिंग हातात घेऊ नये.

वेगाचा हिशोबही बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी २५ मीटर अंतर सव्वादोन सेकंदांत कापते. ६० च्या वेगाने दीड सेकंदात आणि ८० च्या वेगाने एक सेकंदाच्या थोडं वर. ब्रेकवर पाय जायलाच एखादा सेकंद जातो. त्यात भरलेली गाडी लवकर थांबत नाही. समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी असेल, तर ती २५ मीटरवर दिसून उपयोग नाही. ती शंभर-दीडशे मीटरवरच दिसायला हवी.

६/६, ६/९ म्हणजे काय?

डॉक्टरकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. वर मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. तो ६ मीटरवरून वाचायचा असतो. खोली लहान असेल तर आरशातून वाचायला लावतात. ६/६ म्हणजे चांगल्या नजरेला ६ मीटरवरून जे दिसतं ते तुम्हालाही ६ मीटरवरून दिसलं. ६/१२ म्हणजे चांगल्या नजरेचा माणूस जे १२ मीटरवरून वाचतो, ते वाचायला तुम्हाला ६ मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. खालचा आकडा वाढला की नजर कमी झाली.

फॉर्म १-अ मध्ये ६/६ किंवा ६/९ असा आकडा मागितलेला नाही, नंबरप्लेटचीच कसोटी आहे. पण एसटी महामंडळ आणि काही मोठ्या कंपन्या चालक घेताना स्वतःची वेगळी तपासणी करतात आणि तिथे अटी जास्त असू शकतात. भरतीला जाण्याआधी जाहिरातीतली वैद्यकीय अट वाचून घ्यावी.

एकाच डोळ्याने दिसत असेल तर?

फॉर्म १ मध्ये प्रत्येक डोळ्याने २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, असं विचारलं आहे. एका डोळ्यावर सवलत आहे, पण ती फक्त हलक्या, परिवहन नसलेल्या गाडीसाठी. लायसन काढून किमान ५ वर्षं झाल्यानंतर डोळा गेला असेल आणि गाडीला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा असेल, अशी अट आहे. ट्रक आणि बसला ही सवलत नाही.

यामागे कारण आहे. दोन डोळ्यांनी मिळून अंतराचा अंदाज येतो. ओव्हरटेक करताना समोरची गाडी किती लांब आहे, हे एका डोळ्याला, विशेषतः सवय होईपर्यंत, नीट कळत नाही. शिवाय ज्या बाजूचा डोळा नाही त्या बाजूचं दिसणं कमी होतं. मोठ्या गाडीला डाव्या बाजूने दुचाकीवाला घुसतो तेव्हा हाच कोपरा महत्त्वाचा असतो.

रंग ओळखता येत नसतील तर?

लाल आणि हिरवा रंग नीट वेगळा न कळणं, याला रंगांधळेपणा म्हणतात. तो बहुतेक वेळा जन्मापासून असतो, आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत जास्त आढळतो. खूप जणांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं. डॉक्टर ठिपक्यांची चित्रं असलेलं पुस्तक दाखवतात. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ मध्ये ही पद्धत आणली, म्हणून तिला इशिहारा टेस्ट म्हणतात.

पूर्वी रंगांधळेपणा निघाला की लायसन अडायचं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २४ जून २०२० च्या अधिसूचनेने फॉर्म १ आणि १-अ बदलले. आता सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्याला लायसन मिळू शकतं. तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा असेल तरच अडचण येते. तेव्हा एकदा कुणी नकार दिला म्हणून गप्प बसू नका. नेत्रतज्ज्ञाकडून दोष सौम्य आहे की तीव्र, हे लेखी घ्या आणि मग आरटीओत विचारा.

रातांधळेपणा आणि रात्रीचा झगझगाट

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधार पडला की काहीच नीट दिसत नाही, चाचपडायला होतं, हा रातांधळेपणा. जीवनसत्त्व अ कमी पडल्याने तो होतो, तसाच डोळ्याच्या पडद्याच्या काही आनुवंशिक आजारांतही होतो. फॉर्म १ मध्ये याबद्दल थेट प्रश्न आहे. तो लपवू नये, कारण ट्रकचं निम्मं काम रात्रीचं असतं.

दुसरा त्रास झगझगाटाचा. समोरच्याने अप्पर मारला की काही सेकंद पुढचं काहीच दिसत नाही. थोडाफार त्रास सगळ्यांनाच होतो. पण दिव्याभोवती गोल कडी दिसणं, उजेड पसरल्यासारखा वाटणं, नजर परत जागेवर यायला जास्त वेळ लागणं, हे असेल तर मोतीबिंदूची सुरुवात किंवा चुकीच्या नंबरचा चष्मा असू शकतो. रस्त्याकडेला मिळणारा पिवळ्या काचेचा ‘नाईट चष्मा’ यावर उपाय नाही. रंगीत काच उजेड आणखी कमी करते. काळा गॉगल तर रात्री अजिबात घालू नये.

चालकांनी ओळखून ठेवावेत असे त्रास

चाळिशीचा चष्मा: ४० च्या पुढे जवळचं वाचायला त्रास होतो. मोबाईल लांब धरावा लागतो, बिल्टी वाचता येत नाही. हा जवळचा नंबर आहे. नुसता वाचायचा चष्मा लावून गाडी चालवली तर लांबचं धूसर दिसतं. लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर असतील तर दोन्ही काचांचा चष्मा डॉक्टरला विचारून घ्यावा.

मोतीबिंदू: नजर हळूहळू धुरकट होते. ऑपरेशनने ती बहुतेकांची परत येते. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं. ऑपरेशननंतर गाडी कधी चालवायची हे डॉक्टर सांगेल तेव्हाच ठरवावं.

काचबिंदू: हा दगाबाज आजार आहे. बहुतेकांना दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं नीट दिसतं. कडेची नजर मात्र कमी होत जाते. तक्ता ६/६ वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने टिकवता येते. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा.

शुगर: रक्तातली साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही तात्पुरता बदलतो. जास्त वर्षं शुगर असेल तर आतल्या पडद्यावर सूज किंवा रक्तस्राव होतो आणि सुरुवातीला काहीच कळत नाही. शुगर असणाऱ्या चालकाने वर्षातून एकदा डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. थेंबाने काही तास धूसर दिसतं, त्यामुळे त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

लाल डोळे आणि मेडिकलवरचे थेंब: धुळीने, जागरणाने डोळे लाल झाले की मेडिकलमधून थेंब घेतले जातात. त्यात स्टेरॉईड असेल आणि ते महिनोन्‌महिने टाकले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. चिठ्ठीशिवाय थेंब टाकू नयेत.

पिकअप आणि छोट्या टेम्पोवाल्यांसाठी

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. हलक्या वाहनाचं म्हणजे एलएमव्ही लायसन असलेला चालक एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलेली परिवहन गाडीही चालवू शकतो, वेगळ्या नोंदीची गरज नाही, असं न्यायालयाने सांगितलं. दूध, भाजी, द्राक्षं नेणाऱ्या पिकअपवाल्यांना याचा मोठा दिलासा मिळाला.

पण यात एक गोष्ट सुटून जाते. ३० च्या आत काढलेलं एलएमव्ही लायसन थेट वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत चालतं. म्हणजे विशीत लायसन काढलेला पोरगा पिकअपवर रोज रात्री बाजार समितीची फेरी मारत असला, तरी मधल्या वर्षांत त्याचे डोळे तपासा असं त्याला कुणी सांगणार नाही. अशांनी दोन वर्षांतून एकदा आपण होऊन तपासणी करून घ्यावी.

डोळा न तपासता मेडिकल घेतलं तर काय होतं?

काही झालं नाही तोवर काहीच होत नाही. अपघात झाला की सगळं उघडं पडतं.

फसवून किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन कायद्याच्या कलम १९ खाली रद्द होऊ शकतं. आजारामुळे चालक गाडी चालवायला लायक नाही असं वाटायला कारण असेल, तर कलम १६ खाली आरटीओ मुदतीच्या मधेही नवीन मेडिकल मागू शकतं किंवा लायसन रद्द करू शकतं. शरीर साथ देत नाही हे माहीत असून गाडी चालवली, तर कलम १८६ प्रमाणे पहिल्या वेळी १ हजार आणि पुढच्या वेळी २ हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

लायसनच वैध नसेल तर मामला मोठा होतो. चालकाला आणि तशा चालकाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला, दोघांनाही प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचाही घोळ होतो. न्यायालय अनेकदा विमा कंपनीला जखमींचे पैसे आधी भरायला लावतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. कर्जाने घेतलेली एकच गाडी असलेल्या माणसाला असा दावा म्हणजे शेत विकायची वेळ.

म्हणून गाडीमालकांनीही फक्त लायसनची तारीख बघून चालकाला किल्ली देऊ नये. हंगाम सुरू व्हायच्या आधी आपल्या चालकांची नजर तपासून घेणं आणि लागला तर चष्मा करून देणं हे एका टायरच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं.

मेडिकलला जाताना

१. आधी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र विभागात नंबर काढून घ्या. चष्मा लागला तर तो करून, आठ-दहा दिवस वापरून मगच मेडिकलला जा.

२. चष्मा सोबत न्या आणि लावूनच तपासणी द्या. चष्मा खिशात लपवू नका.

३. रात्रभर गाडी चालवून आल्यावर तपासणीला बसू नका. झोप झालेली असावी.

४. शुगर, बीपी, फिट किंवा आधीचं डोळ्याचं ऑपरेशन असेल तर कागद सोबत ठेवा आणि खरं सांगा.

५. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेत असाल तर सही करण्याआधी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वाचून घ्या. फॉर्म १ वर सही तुमची असते, एजंटची नाही.

६. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त झालं तर गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

७. गाडीत एक जादा चष्मा ठेवा. काच फुटली म्हणून पाचशे किलोमीटर तसंच चालवत येण्याची वेळ येऊ नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नंबर जास्त असेल तर लायसन मिळतं का?
फॉर्ममध्ये चष्म्याच्या नंबरची मर्यादा लिहिलेली नाही. चष्मा लावून प्रत्येक डोळ्याने नीट वाचता आलं पाहिजे.

मेडिकलमध्ये नापास झालो तर धंदा कायमचा बंद का?
नाही. आधी कारण विचारून घ्या. नंबर वाढला असेल तर चष्मा, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन करून पुन्हा तपासणी देता येते. काचबिंदू किंवा पडद्याच्या आजारात गेलेली नजर मात्र परत येत नाही, म्हणून त्याची तपासणी लवकर करायची.

मोफत तपासणी कुठे होते?
ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयात डोळे मोफत तपासतात. रस्ता सुरक्षा अभियानात आरटीओ आणि पोलिसांकडून चालकांसाठी नेत्र शिबिरं होतात. साइटसेव्हर्स इंडिया ही संस्था ट्रकचालकांसाठी ‘राही’ नावाचा नेत्र तपासणी कार्यक्रम चालवते.

ट्रकचं ऑइल, हवा, ब्रेक आपण फेरीच्या आधी बघतो. ग्रीसिंग चुकत नाही, लिंबू-मिरचीही चुकत नाही. ज्या डोळ्यांवर गाडी, माल आणि घर चालतं ते मात्र पाच वर्षांतून एकदा, तेही कागदावर तपासले जातात. या हंगामात गाडी पासिंगला न्याल त्याच आठवड्यात डोळेही दाखवून या. चष्मा लागला तरी लायसन जात नाही.